चहाच्या मशीनच्या आतलं

बाहेरून मशीनला नवा रंग मारला होता, वाफाळत्या कपाचं चकचकीत चित्र चिकटवलं होतं. घरी आणून मी पुढचं दार उघडलं आणि तशीच गोठ्याकडं पळाले. त्या वासापुढं शेणाचा वास बरा वाटला.

बटण दाबलं की पावडर आणि गरम पाणी आतल्या वाटीत घुसळून चहा कपात पडतो, तसलं हे मशीन. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटजवळ चहासाठी कोपरा द्यायचा होता. कँटीन बघणारे साहेब म्हणाले होते, सोमवारी मशीन आणा, चहा पाजा, पटलं तर कोपरा तुमचा. नवं परवडत नव्हतं म्हणून जुनं घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दुसऱ्याच्या ऑफिसात बिलं चढवत म्हातारी व्हायला मी बी.कॉम. झाले नव्हते.

वाटीत जुनी पावडर ओली होऊन दगड झाली होती आणि त्या दगडाला केस होते. बुरशीचे की माणसाचे, निरखून बघितलं नाही. पाइप दाबला तर पिवळं, शेंबडासारखं काहीतरी हातावर आलं. मागचा पत्रा काढला तशी दडून बसलेली झुरळं चहूकडं पसरली, त्यातलं एक माझ्या बाहीत शिरलं. इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं ह्यातून चहा पीत होती!

वाटी सोडा घालून उकळली, पाइप बदलले, सगळं घासलं. मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर लाल दिवा लागलेला आणि घरभर करपट वास. पाणी तापवायचा बॉयलर रिकामा केला, त्यातून तपकिरी खपल्या निघाल्या. आधीच्या मालकाचीच घाण असणार म्हणून पुन्हा धुतला. पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच. मग मात्र विकणाऱ्याला फोन लावला.

"मशीन कसलं दिलंय तुम्ही? पाणी करपतंय त्यात."

"पाणी कधी करपतंय व्हय, ताई? दूधबिध घालताय काय?"

"मला शिकवू नका. मी ग्रॅज्युएट आहे. पाण्याच्या टाकीत दूध घालायला आम्ही काय अडाणी वाटलो?"

"तसं न्हाय, पण दुधाच्या बाबतीत आपल्या कोल्हापूरकरांचा काय भरवसा न्हाय बघा," म्हणून तो हसला. मी फोन आपटला.

रविवारी मी घरी होते. सकाळी बघते तर शेजारच्या काकू मशीनपुढं खुर्ची टाकून बसलेल्या आणि आई धारेच्या दुधाचा तांब्या टाकीत ओतत होती.

"आई! काय करतीस?"

"वरडायला काय झालं? बायका मशीन बघाय येत्यात. दारात म्हशी बांधल्यात आन् आल्यागेल्याला पावडरीचं पाणी पाजू व्हय? रोज घालतो की मी थोडं."

काकू म्हणाल्या, "चव चांगली हाय गं. जरा करपट लागतंय एवढंच."

मी तोंडाला येईल ते बोलले. आई शांतपणे म्हणाली, "एवढं शिकलीस ते पावडर विकायला?"

"व्हय, पावडरच. पण स्वच्छ विकणार."

बॉयलर पुन्हा उघडला. नासक्या दुधाच्या करपलेल्या गाठी, बाळानं ओकाव्या तशा. हात घालून एकेक काढली. दुपारी भाकरी तोंडाजवळ नेली तर नखांना तोच वास. ताट तसंच बाजूला सारलं. विकणाऱ्याची माफी काही मी मागितली नाही. दूध आमचं असेल, झुरळं त्याचीच होती.

सोमवारी चहा नीट पडला. साहेबांनी घोट घेतला, मान डोलावली. मला राहवलं नाही. किल्ली लावली.

"सर, एकदा आतून बघा."

त्यांनी तोंड फिरवलं. "राहू द्या हो मॅडम. आतलं बघितलं की चहा घशाखाली उतरत नाही. आधीच्यानं कधी दाखवलं नाही, आम्ही कधी मागितलं नाही. कोपरा दिला तुम्हाला, जावा."

झुरळांची आली नव्हती एवढी किळस मला त्या बोलण्याची आली. म्हणजे त्या केसाळ दगडातून चहा काढून दिला असता तरी ह्यांनी मान अशीच डोलावली असती. कोपरा आत्ता मिळाला होता, आत्ताच जाऊही शकत होता. तरी मी दार सताड उघडलं.

"बघावं लागेल, सर. पिणारी माणसं तुमचीच आहेत."

ते वाकले. नाकाला रुमाल लावून त्यांनी आत बघितलं. वास कसलाच नव्हता.