विटांवरची गाडी

गावात बोलवा अशी की बाहुबली मगदूमची गाडी पळतच नाही. चहावाला बाळासो तर कपबश्या विसळता विसळता, आधी घसा खाकरून, मग मान तिरकी करून सांगतो, "आवं, ती गाडी न्हाई, नुसता भोंगा हाय. इंजन कवाच जाम झालंय. ह्यो आपला शेडात बसून बोंबलवतोय."

हे खोटं आहे. गाडी पळते. आठ महिने पळते, चार महिने विटांवर असते.

बाहुबली माझा काका. गाडी त्यानं घरीच बांधली. चौकोनी पायपांची चौकट, भंगारातल्या जिप्सीचं इंजिन, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. वर छप्पर नाही, पुढं काच नाही, सीटा दोनच. सायलेन्सरच्या जागी बोअरच्या पायपाचा तुकडा. तो हट्ट जोतीरामचा. जोतीराम म्हणजे काकाचा शाळेपासूनचा दोस्त, फौजेत गाड्या दुरुस्त करणारा. दरसाल दोन महिने रजेवर यायचा आणि आमच्या शेडातच मुक्काम ठोकायचा. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा गाडीला चाकंसुद्धा नव्हती. जोतीराम डाव्या सीटवर उड्या मारत ओरडत होता, "दाब रं बाहू, दाऽऽब!" पलीकडच्या मळ्यातल्या दोन म्हशींनी दावी तोडली.

पुढच्या वर्षी जोतीरामचं बिऱ्हाड जोधपूरला गेलं. रजा सासरवाडीत आणि पोरांच्या दुखण्याखुपण्यात वाटली गेली. चाकं काकानं एकट्यानं बसवली. डाव्या सीटवर त्यानंतर कुणी बसलं नव्हतं. काका कुणाला बसू द्यायचा नाही.

गाडीला नंबर नाही, म्हणून ती डांबरीवर जात नाही. उसातल्या पाणंदीनं कॅनॉलपर्यंत दीड किलोमीटर, आणि परत. चौथा गिअर पडायच्या आत कॅनॉल येतो. एवढ्यासाठी काका रविवारभर राबतो. प्लग घासतो, कार्बोरेटर पेट्रोलात धुतो, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडतो. मग इंजिन चालू करून स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला लावतो, मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटतो. चारी सिलिंडर सारखे लागले की म्हणतो, "चारी भाऊ एका पंगतीला बसले बघ." स्वतः मात्र तो एकटाच जेवतो. हाताचं ऑइल निघेपर्यंत आम्ही सगळे उठलेलो असतो. लग्नाचं म्हणाल तर पोरीकडचे येतात, शेड बघतात आणि चहा घेऊन जातात.

विटांचं कारण आज्जी. म्हणजे तिनं काही सांगितलं नाही. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी काका पाणंदीतनं भरधाव आला, खुशीत, कानापर्यंत चिखल. गुणमालाआज्जी ओलं फडकं घेऊन गाडीचं नाक पुसायला बसली. पिवळे पंख, हिरवे पाय, काय काय चिकटलेलं. पुसता पुसता तिनं एवढंच विचारलं, "ह्यात जिवंत कोण हाय का, बघ रं." काकानं फडकं हातातनं घेतलं. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन नियम घेतला: चातुर्मासात चाक फिरवायचं नाही. दिवाळीला सोडायचा.

आणि यंदा श्रावणात जोतीरामचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, चारच दिवसांची रजा. "बाहू, ह्या खेपंला कॅनॉलपत्तोर न्हेणार मला. तीन वरसं झाली, नुसता फोटू बघतोय."

काका त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठून टायरात हवा भरली. मी म्हणाले, "काका, चाक फिरणार. पैज."

"न्हाई फिरायचं."

"फिरलं तर डावीकडं मी बसणार."

"आन् न्हाई फिरलं तर?"

"तुमी म्हणाल ते."

तिसऱ्या दिवशी पाचला जोतीराम आला. पोट सुटलेलं, चाल तीच. गाडीभोवती दोनदा फिरला आणि डाव्या सीटवर कसाबसा मावून बसला. काकानं चावी फिरवली. पत्रे थरथरले, खुंटीवरची टोपी पडली. जोतीरामनं तोंड उघडलं, "दाब रं बाहू, दाऽऽब!" काकानं दाबलं. मागची चाकं जमिनीपासून चार बोटं वर होती. काकानं गिअर टाकलाच नाही.

"उतरीव की इटांवरनं," जोतीराम म्हणाला.

"दिवाळीला ये."

"दिवाळीला रजा कुठली रं? पुढल्या वरसाला तरी घावतीय का बघायचं."

दारात उभी असलेली आज्जी म्हणाली, "बाहू, माझ्यासाठी पाळत असशील तर सोड. एका फेरीनं काय हुतंय?"

"तुझ्यासाठी न्हाई, आई."

इंजिन तसंच धडधडत राहिलं. दोघं समोरच्या भिंतीकडं बघत अर्धा तास बसले, जसं काही भिंतच मागं पळतेय. मग जोतीराम उतरला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आवाज झ्याक ठेवलायस गड्या." चहा नको म्हणाला. आईच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती.

तो गेल्यावर काकानं पैज वसूल केली. "दिवाळीपत्तोर दर रविवारी डावीकडं बसायचं. गप बसायचं. कुणाचा आवाज काढायचा न्हाई." घरातल्या सगळ्यांच्या नकला मी करते, हे त्याला ठाऊक. जोतीरामची तर मी झोपेतसुद्धा करीन.

पहिल्या रविवारी बसले. सीट अजून जोतीरामच्या वजनानं दबलेली होती. काकानं इंजिन चालू केलं, बराच वेळ हलका पाय ठेवून ऐकत राहिला. मग भिंतीकडंच बघत हळू म्हणाला, "दाब रं बाहू."

साफ चुकलं. जोतीराम 'दाब' लांबवतो, आणि शेवटी त्याचा आवाज फाटतो. मला ते बरोबर काढता आलं असतं. पण पैज मी हरले होते.