साठ घरांची धूळ

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे सिस्टर म्हणत. वीस वर्षं तिने दवाखान्यात नर्स म्हणून काढली, मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि ती आमच्याकडे नमुने गोळा करायच्या कामाला आली. तिच्या स्वच्छतेचा आम्हाला जाच होता. मी धुतलेला कप ती माझ्यादेखत पुन्हा धुवायची. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही धुतलाय ना, म्हणून." कोणाच्या घरी गेली की माणसांआधी कोपरे बघायची.

सगळ्यात जास्त सोसलं ते तिच्या लेकीने. लेक पसारेवाली. मोरीत भांडी, पलंगावर कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगाला टेकून बाईसाहेब मजेत गाणी ऐकतायत. "माझ्या पोटी ही कुठून आली," असं सिस्टर दिवसाआड म्हणायची आणि दर रविवारी तिच्याकडे जाऊन स्वतः लादी पुसून यायची. पुसताना तोंडाचा पट्टा चालूच. सोमवारपर्यंत खिडकीत पुन्हा काळसर थर बसलेला असायचा, आणि त्याचंही खापर लेकीवरच.

थर बसायचा कारण लेक भट्टीमागच्या गल्लीत राहायची. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची ती भट्टी. शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. हे सिस्टरला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिचा नातू दोन वर्षांचा असताना वीसेक शब्द बोलायचा. तीन वर्षांचा झाला तेव्हा चार उरले होते. ती ते माझ्यासमोर बोटांवर मोजायची. आजी, पाणी, नको, गाडी. मग एक दिवस तीनच बोटं उघडली आणि मी मान फिरवून मशीनकडे बघायला लागलो.

आमच्या मॅडमनी त्या गल्लीचा अभ्यास मंजूर करून आणला तेव्हा सिस्टरने तो मागून घेतला. रीत सोपी होती. साठ घरं. प्रत्येक घरात दारापाशी आणि खिडकीच्या कट्ट्यावर फूटभर चौकट ठेवायची, आतली जागा ओल्या कागदी फडक्याने पुसायची, फडकं नळीत घालायचं. मी त्यातलं शिसं मोजणार. ते मर्यादेबाहेर निघालं तर गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं रक्त तपासायचं आणि पालिका भट्टीला टाळं लावणार. नाही निघालं तर फाईल बंद. घरोघरच्या संमतीच्या सह्या महिनाभर आधीच झाल्या होत्या, पण नेमकं कोणत्या दिवशी जायचं ते कोणालाही सांगायचं नव्हतं. मॅडमनी हे तीनदा बजावलं. सिस्टरने तिन्ही वेळा मान हलवली.

आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ती दारोदार फिरून सांगून आली की उद्या सकाळी आम्ही येतोय.

वाईट हेतू नव्हता हो. असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. बाईने बाईच्या घरी न सांगता जायचं, तेही तिची धूळ बघायला, सोबत कॉलेजातल्या दोन मुली वही घेऊन, हे तिच्या जिवाला पटेना. वर्षानुवर्षांचं विष एका फडक्याने थोडंच जातंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. साठ घरांतल्या बायकांनी पाहुणे येणार म्हटल्यावर बायका जे करतात तेच केलं. पहाटे उठून कट्टे घासले, लाद्या धुतल्या, वर फिनाईल मारलं.

मी नळ्या उघडल्या तेव्हा त्यांना फिनाईलचा वास होता. "सिस्टर, गल्ली आहे का ऑपरेशन थिएटर?" मी विचारलं. ती हसली. "बायका चांगल्या आहेत हो," म्हणाली. माझ्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना होता. त्यात दोन शब्द लिहिले असते तर मॅडमनी नमुने पुन्हा घेतले असते. पण शनिवार होता, मला घरी जायचं होतं, आणि मशीनला वास कळत नाही. मी रकान्यात रेघ मारली.

सत्तावन्न घरं निर्दोष निघाली. उरलेल्या तीन घरांत शिसं मर्यादेच्या दसपट होतं. ही तीन घरं आदल्या संध्याकाळी बंद होती, त्यांना निरोप मिळालाच नव्हता. अहवालात मॅडमनी लिहिलं की या तीन कुटुंबांत घरगुती अस्वच्छता आढळते, त्यांना समज द्यावी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फाईल बंद झाली. भट्टीच्या मालकाने अहवालाचं पहिलं पान काचेत बसवून फाटकावर टांगलं. गल्लीतल्या बायका सिस्टरला म्हणाल्या, "बघा, सरकारी कागदावर आमची घरं स्वच्छ ठरली." त्या तीन घरांशी गल्लीने बोलणं टाकलं.

सव्वा महिन्याने नातवाला आकडीचा झटका आला. दवाखान्यात रक्त तपासलं तर शिसं इतकं, की तिथल्या डॉक्टरने आकडा दोनदा वाचला. मग त्याने आमचा अहवाल मागवला आणि लेकीला समोर बसवलं. "घराची धूळ तर स्वच्छ आहे. मग मूल चाटतं काय? रंगाचे पोपडे? खेळणी? तुमचं लक्ष कुठे असतं?" जावई शेजारी बसून ऐकत होता. त्याला उत्तर आयतं मिळालं. घरी येऊन त्याने पोराचे कपडे पिशवीत भरले आणि पोर आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. तिचं घर चार दारं पुढे, भट्टीच्या भिंतीला लागून. तिथे टापटीप असते, म्हणाला.

सिस्टरने मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "लिहून द्या." तिने लिहून दिलं. मीही फिनाईलबद्दल लिहून दिलं, दोन महिने उशिरा, शूरवीर ना मी. पालिकेने कागद भट्टीच्या मालकाकडे खुलाशासाठी पाठवला. त्याच्या वकिलाने चार ओळींत उत्तर दिलं. या बाईचा नातू आजारी आहे, तिचा यात स्वार्थ आहे, आणि एकदा नियम मोडून वर गप्प बसलेल्या बाईचं आता खरं कशावरून? पालिकेला हे पटलं. पुढची पाहणी पाच वर्षांनी. सिस्टरला कामावरून काढलं, मला नुसती ताकीद मिळाली. हात दाखवून अवलक्षण, असं ऑफिसात सगळे म्हणाले. तिच्या तोंडावर नाही म्हणाले, एवढी माणुसकी होती.

लेकीला मात्र तिने अजून काही सांगितलं नव्हतं. जावयाची समजूत पटेल असं काहीतरी शास्त्रातलं सांगायला या, म्हणून एका रविवारी ती मला बरोबर घेऊन गेली. जावई घरी नव्हता. लेक एकटीच होती, गुडघ्यांवर बसून लादी पुसत होती. पसारा म्हणून नव्हता. पलंगाची चादर ताणून बसवलेली, भांडी चकचकीत. पोराला परत आणायचं असेल तर आधी घर दाखव, असं नवऱ्याने बजावलं होतं. ती दिवसातून चारदा पुसायची.

सिस्टरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मी धुळीबद्दल आणि फडक्यांबद्दल दोन वाक्यं बोललो आणि थांबलो.

"म्हणजे माझी चूक नव्हती," लेक म्हणाली.

"नव्हती ग. काहीच नव्हती."

"मग आदल्या संध्याकाळी सांगायला कशाला आलीस? नियम होता ना."

सिस्टर खाली बसली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला. "त्या दोन मुली येणार होत्या माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुझं घर त्यांनी तसं बघितलं असतं. मला लाज वाटली. आणि तुला एकटीलाच सांगितलं तर बरं दिसणार नाही, म्हणून मग सगळ्यांना सांगितलं."

मला हे नवीन होतं. बायकांच्या भिडेची जी गोष्ट तिने मला आणि मॅडमना सांगितली होती, ती खरीच होती, पण तिची सुरुवात इथून झाली होती. लेकीने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि काठावर नीट पसरून ठेवलं. ती रडली नाही. रडली असती तर मला निघता आलं असतं.

"त्या दिवशी मी पलंगाखालीसुद्धा पुसलं होतं," ती म्हणाली. "कट्टा दोनदा. पोराला कडेवर घेऊन. तू काहीतरी बरं बोलशील म्हणून."

"बोलले होते मी."

"हो. 'आज घर बघण्यासारखं आहे,' म्हणालीस." लेकीने बादली उचलली. "जन्मात एकदाच म्हणालीस, तेही त्या दिवशी."