कापलेला किनारा

आमच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याने गुरुवारी, सासऱ्यांनी जपानहून आणलेल्या लाकडी ठशाच्या चित्राची उजवी कड कापली. चित्रात बेटाचा किनारा होता; कापलेल्या कडेला होडी आणि चित्रकाराचा लाल शिक्का.

हा वसईचा माणूस आधी तयार फ्रेम निवडतो, मग चित्र तिच्यात बसवतो. कानामागे पेन्सिल कायम असते, पण खूण करताना तो कधी दिसला नाही.

“होडी कुठाय?” बायकोने विचारलं.

“वहिनी, समुद्र भरपूर ठेवलाय. फ्रेम बघा, सागवानी!”

“बाबांची एवढीच वस्तू उरली होती.”

“म्हणून तर भारी फ्रेम लावली. खलास!”

घरी मी फ्रेम मागून उघडली. चित्र हलू नये म्हणून त्याने कापलेल्या पट्टीची घडी कोपऱ्यात ठोकली होती. खिळा लाल शिक्क्यातून गेला होता.