खिडकीतला पेला

२१ एप्रिल १९८३, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. टँकर आणि लोह्याची नवी मुलगी लातूरच्या आमच्या वसतिगृहात एकाच वेळी आले. स्वागत अर्थातच टँकरचे झाले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आम्हांला पिण्याचे पाणी माणशी रोज चार पेले मिळे. विज्ञान शाखेची म्हणून आमच्या खोलीच्या पाण्याची नोंदवही माझ्याकडे होती. नवी मुलगी चारांतला एक पेला खिडकीत ठेवी. तिची आई पंधरवड्यापूर्वी वारली होती.

"आई पिती, ताई. सांजंला बोटभर कमी होतं. हाय का न्हाई?" उत्तराची वाट न पाहता विचारायची तिची खोडच होती.

"त्याला बाष्पीभवन म्हणतात."

"मग त्येला पिऊ द्या. त्येलाबी तहान असंलच."

पाणी वाया घालवणारीला घरी पाठवायचे, असा रेक्टरबाईंचा नियम होता. बाईंच्या दारातला मोगरा मात्र त्या उन्हाळ्यातही फुलत होता. बाई फक्त वही वाचत; मुलींची मोजणी कधी करत नसत.

आठवड्याने बाईंना तो पेला दिसला. "हा कुणाचा?"

नवी मुलगी ट्रंक आवरू लागली.

"बाराव्या मुलीचा, बाई. ती अजून प्यायची आहे," मी म्हणाले आणि वही आणायला गेले.

खोलीत आम्ही अकरा जणी होतो. बाईंपुढे वही ठेवण्यापूर्वी मी स्वच्छ अक्षरात नोंद केली. पाणी पिणाऱ्या: बारा.