खंडेनवमीची शमादानं

माझा धाकटा भाऊ मूर्ख आहे, हे आधी लिहून ठेवते.

आमच्या घरात तलवार कधीच नव्हती. पूर्वज दरबारात कारकून. लेखणीशिवाय त्यांनी काही उगारलं नाही. पण फौजेतल्या कुणा फ्रेंच साहेबाने त्यांना मेणबत्त्या लावायची ब्राँझची शमादानं दिली, असं सांगतात. जोडी होती. त्यांच्या खालच्या बैठकीवर शिरस्त्राण, नगारा, तोफा, सगळं ओतीव काम. तेवढीच काय ती आमची शस्त्रं. खंडेनवमीला बाबा तीच पाटावर मांडायचे, शेजारी विळी आणि कात्री.

पूजा भावाच्या हातून. पुसायचं काम माझं. "चिंच नाही, राख नाही, फक्त मऊ कोरडं फडकं," बाबा बजावायचे. "हा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. तो चढायला दोनशे वर्षं लागलीत." नगाऱ्याच्या दोऱ्या इतक्या बारीक, पण डोळे मिटूनही बोटाला लागायच्या. लग्न होऊन नानाखेड्याला गेल्यावरही मी दरवर्षी आदल्या दिवशी पुसायला यायची.

यंदा ताप होता म्हणून नवमीलाच गेले. पाटावर दोन पिवळेधमक खांब! रामघाटाजवळ लोटे-घंट्या मशीनवर घासून देणारा एक जण आहे, त्याच्याकडून भावाने चमकवून आणले होते.

"ताई, देख ना, कसे चकाचक झाले! काळेकुट्ट पडले होते, पाहुण्यांसमोर शरम यायची."

मी बोट फिरवलं. दोऱ्या नाहीत. शिरस्त्राणाचा तुरा गुळगुळीत. तोफा म्हणजे नुसती लाटणी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे? बाबांनी जन्मभर जपलं, ते एका दुपारी घासून टाकलंस!"

तोही भडकला. "मला काय मालूम? बाबांनी मला कधी सांगितलं नाही. तू तरी सांगितलंस का? दार लावून पुसत बसायचीस. मी बघायला आलो की भगवून द्यायचीस."

ते खरं होतं. पूजा त्याला मिळाली, म्हणून फडकं मी माझ्यापाशी ठेवलं होतं. बाबा गेल्यावरही किती नवम्या आल्या नि गेल्या, मी तोंड उघडलं नाही.

राग अजून उतरलेला नाही. फडकं पर्समध्येच होतं. ते त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हटलं, "बस इथे. कसं पुसायचं ते दाखवते."

तो बसला. मी दाखवलं. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.