पायाळूची लाथ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही ठाऊक नाही. ऐका.

मी पायाळू नाही. पायाकडून जन्मलेल्या माणसानं कमरेत लाथ मारली की उसण पळते, असं आमच्याकडे मानतात. मी आपला चारचौघांसारखा डोक्याकडूनच आलो — सुईणीनंच सांगितलं होतं. तरी पंचवटीतल्या माझ्या ओट्यावर दर रविवारी कंबरदुख्यांची रांग लागायची. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. वकील, मास्तर, भटजी — सगळे एकजात ओणवे! धोतर सावरत, डोळे मिटून, माझ्या लाथेची वाट बघत. कीव यायची. कीव कसली — किळस! शिकलीसवरली माणसं, आणि लाथ खाऊन वर मलाच हात जोडायची.

पण थांबा. एवढंच असतं तर तोंड कशाला उघडलं असतं? नाशकात भोंदूंचा काय तोटा होता?

युसुफ येवल्याचा. पैठणी विणायचा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसून कंबर धरलेली. दोन वर्षं माझ्याकडे यायचा — मनमाडला गाडी बदलून, पुढे नाशिकरोडहून टांग्यानं, म्हणजे दुखऱ्या कमरेला आणखी हादरे देत! लाथ खाल्ली की बुधवारपर्यंत बरं वाटतं, म्हणे. मग एकाएकी यायचा बंद झाला.

तीन-चार महिन्यांनी उगवला तो ताठ चालत. हातात पेढे. भरल्या ओट्यावर म्हणाला, "दादा, आता लाथ नको. तालमीतल्या वस्तादांनी समजावलं — दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाय. पाठ घाबरलीय फक्त, तिला हळूहळू हलवायची." आणि वेड्यानं तिथंच पालथं पडून छाती उचलून दाखवली. मांजरासारखी पाठ फुगवून दाखवली. चार बोटं विणून झालं की उठून विहिरीपर्यंत चालून येतो, म्हणाला. रांगेतली मेंढरं माना वर करून बघायला लागली. एक मास्तर तर खाली बसून तसंच करू लागला.

दुखणं त्याच्या कमरेत होतं — दुखलं माझ्या पोटात.

मी काय केलं? हसलो. प्रेमानं जवळ बोलावलं. त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत खाली आणला, एका जागी थांबलो, आणि तोंड पाडून म्हणालो, "मणका सरकलाय रे. आता वाकलास तर पाय जातील."

सरकलाय — एवढा एकच शब्द. माझ्या अंगठ्याला मणक्यातलं काय कळत होतं? कप्पाळ! युसुफ पांढराफटक पडला. स्वतःच्या पायांनी आलेला माणूस, चौघांनी उचलून टांग्यात आडवा ठेवला. रांग पुन्हा ओणवी झाली. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं; आता खोटं कशाला बोलू?

तो खाटेवर पडला तो पडलाच. न हलता कमरेचं लाकूड झालं, दुखणं वाढलं — आणि वाढलं म्हणून माझ्यावरचा विश्वासही वाढला. वस्ताद दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. युसुफनं त्यांना हात लावू दिला नाही.

आणि मी? पुढच्याच वर्षी माझी कंबर धरली — लाथा मारून मारूनच असणार. तेव्हापासून रोज सकाळी दाराला कडी घालतो, पालथा पडतो, छाती उचलतो. मांजरासारखी पाठ फुगवतो. त्यानं ओट्यावर दाखवलं होतं तस्संच. बायकोला वाटतं, जप करतो.

तिसऱ्या वर्षी त्याला बघायला येवल्याला गेलो. मागावर अर्धी पैठणी धूळ खात होती, खड्ड्यात सरपण भरलेलं. मान न हलवता त्यानं विचारलं, "दादा, बसला का मणका जागेवर?"

एका शब्दाचं काम होतं. पण दारात शेजारीपाजारी जमले होते — पायाळूला बघायला.

"अजून नाही," म्हणालो. "हलू नकोस."

तो हलला नाही. त्याच खाटेवरून गेला. माझी कंबर ठणठणीत आहे.