जांभळ्या फुलांचं कार्ड

माझा जन्म नैरोबीचा. घरात मराठी होती, पण ती जेवणाच्या टेबलापुरती. शाळा, मैत्रिणी, वाचन सगळं इंग्रजीत. तेविसाव्या वर्षी वडिलांच्या एका स्नेह्यांच्या ओळखीनं मी परभणी जिल्ह्यात, सेलूपासून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका गावात वर्षभरासाठी इंग्रजी शिकवायला आले. निघताना सगळे म्हणाले, मायदेशी चाललीस. मला तो परदेशच होता.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तिकडं सिंह रस्त्यानं फिरतेत म्हणं?"

"नाही."

"मंग तिकडं बघायला हाय काय?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळले. मला बोलायला नेहमीच वेळ लागतो, आणि तिथे तर प्रत्येक वाक्य मनात दोनदा जुळवावं लागे. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. म्हणून मी बघत राही. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या आणि त्यांच्यावरच रंगवलेल्या विरोधातल्या घोषणा. मी त्या रोज वाचायची, पण त्यांबद्दल कुणाला काही विचारायचं धाडस होत नसे.

मी वर्गशिक्षिका असलेल्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. ती आधी पेन्सिलीनं लिहायची आणि मग त्याच ओळींवर पेनानं, म्हणजे एका वहीत दोनदा सराव. तिनं एकदा विचारलं होतं, "दहावी पास झाल्यावर मला बी मॅडम होता येईल का?" मी म्हटलं होतं, येईल.

जुलैत मी 'माझा वाढदिवस' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. जवळजवळ सगळ्यांनी एक जून लिहिलं. मला वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलं. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले, तर ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"अहो मॅडम, आख्ख्या तालुक्याचा जन्म एक जूनचाच! माझा पण. पोरगं शाळेत आलं की गुरुजी अंदाजानं वर्ष धरतात आन् एक जून टाकून मोकळे होतात."

मला ते फार वाईट वाटलं. कुणालाच स्वतःचा दिवस नाही. निदान त्या मुलीला तरी तिचा दिवस शोधून द्यावा, असं माझ्या मनानं घेतलं.

रविवारी मी तिच्या घरी गेले. पुरुष माणसं शेतात होती, आई भाकरी करत होती. मी विचारलं तशी तिनं एकदा दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "भात्तरच्या दुष्काळात ही चालायला लागली व्हती, बाई. त्याच्या आदल्या पोळ्याची. बैलं मिरवायला निघाले आन् इकडं ही झाली. शाळेत दोन वर्षं कमी सांगितलं."

तिनं दाराकडे पाहिलेलं मला दिसलं होतं. का पाहिलं, असा प्रश्न मात्र मला पडला नाही. मी बोटांवर वर्षं मोजत होते, एकाहत्तर ते एकोणनव्वद. येत्या पोळ्याला अठरा पूर्ण.

मी कार्ड रंगवलं. नैरोबीत आमच्या रस्त्यावर जांभळ्या फुलांची झाडं होती, तीच काढली. मोठे आकडे काढून 'अठराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा' असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली तारीख घालून सही केली. आमच्या नैरोबीच्या शाळेत कशालाही सही करायची सवय होती. मुलीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि घरी कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावलं.

दिवाळीनंतर ती एकदा तास संपल्यावर थांबली. पूर्णेहून पाहुणे येऊन गेले होते. मुलगा रेल्वेत. नोकरीवाला म्हणून ते कायद्याला जपून होते. घरात थोरल्या चुलत्यांचा शब्द चाले. दोन वर्षं प्रत्येक स्थळाला तिची आई एकच सांगत आली होती: पोरगी लहान हाय, शाळेत इचारा. पण मुलाच्या भावानं भिंतीवरचं कार्ड मोठ्यानं वाचलं.

"मॅडम, तुमी येऊन सांगा ना, ते उगंच लिवलंय म्हणून. तेवढंच."

मी गेले. वाटेत ते वाक्य घोकत होते. ओसरीवर कापसाचा ढीग होता, शेजारी बाजेवर चुलते.

"या बाई, या. चहा टाका गं!"

"तिची परीक्षा मार्चमध्ये आहे," मी म्हणाले. "तोपर्यंत थांबलात तर..."

"परीक्षा कुठं पळून चालली? सासरी जाऊन दे म्हणावं." त्यांनी भिंतीवरचं कार्ड काढून आणलं. "हे तुमच्याच हातचं न्हवं?"

"हो. पण ते नुसतं शुभेच्छांचं..."

"शुभेच्छा लय चांगल्या हायत. शाळेतलं एक जून कसं पडतंय ते आमाला ठावं हाय, बाई. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. अठरा खरं का खोटं? खोटं म्हणा, आत्ता पूर्णेला निरोप धाडतो, दोन वर्षं थांबा म्हणून."

ते खरंच थांबले असते. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हात पिठाचे, आणि तिच्या खांद्यामागे मुलगी. एक शब्द म्हणायचा होता. मी कार्डावरची माझी सही बघत राहिले.

"बघा," चुलते शेवटी म्हणाले, "बाई खोटं बोलायच्या न्हाईत." आणि चहात साखर जास्त टाकायला सांगितली. मी तो चहा प्याले.

निघताना आईनं मला रीतीप्रमाणे कुंकू लावलं. "तुमाला काय ठावं, बाई," एवढंच ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

माघात लग्न झालं. मार्चमध्ये मी बाकीच्या मुलींना घेऊन सेलूच्या केंद्रावर गेले. तिचं हॉल तिकीट शाळेतच राहिलं.

एप्रिलच्या शेवटी तिची आई एकटीच शाळेत आली. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. पुढेमागे कधी परीक्षेला बसू दिलं तर लागेल, म्हणाली. कारकून रजेवर होता. मुख्याध्यापकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी जन्मतारखेच्या रकान्याशी थांबले. आई टेबलाजवळ उभी होती.

"शाळेतलीच तारीख टाका, बाई," ती म्हणाली.

मी एक जून लिहिलं, आधी आकड्यात, मग अक्षरी, आणि खाली वर्गशिक्षिका म्हणून सही केली. हात जराही अडखळला नाही.